पालवी यायच्या आत

१२ फेब्रुवारी

झाला एकदाचा! शेवटचा डबा आज बाबांच्या छपरावर चढवला. हात फुटलेत, बोटांत पेन धरवत नाही. शाळेच्या गच्चीवरून पाण्याच्या टाकीवर, टाकीवरून दरीपलीकडे बाबांकडे — वायफायचा एक डबा दुसऱ्याच्या कानात सांगतो, दुसरा तिसऱ्याच्या. त्या घरात फोनला रेंज नाही, शेजार नाही. आता डब्याच्या वायफायवर निदान घंटी तरी. बाबांच्या उशाशी बटण लावलंय, ते दाबलं की माझा मोबाइल वाजतो.

"रोज सकाळी एकदा दाबायचं," म्हटलं. "म्हणजे मला कळेल."

"काय कळेल? म्हातारा अजून आहे?"

"हो!"

हसले. छातीचं दुखणंसुद्धा असंच हसण्यावारी नेतात.

१३ फेब्रुवारी

वाजली! चहा सांडला माझा.

२० फेब्रुवारी

लांब्याने — माझा कामावरचा जोडीदार, शिडीशिवाय छपराला हात लावतो — आज जीव खाल्ला. "टाकी आणि तुझ्या बाबांच्या मध्ये ते झाड उभंय. आता नुसत्या काटक्या आहेत म्हणून आरपार जातंय. पालवी फुटू दे, मग बघ. ओली पानं सिग्नल पिऊन टाकतात."

माहीत नाही का मला! गिऱ्हाईक असतं तर पहिल्याच दिवशी फांद्या छाटायला लावल्या असत्या. पण ते झाड आईने लावलेलं. ती गेल्यापासून बाबा त्याच्याशीच बोलतात.

४ मार्च

विषय काढला. "झाडाला हात लावलास तर या घरात पाऊल टाकू नकोस!"

बरं. मग उंच पाइप लावू, डबा झाडाच्याही वर नेऊ. वेल्डरला सांगितलंय. उद्या देतो म्हणाला. वेल्डरचा उद्या!

१९ मार्च

घंटी अर्धवट. वाजली न वाजली. कोंब आलेत. लोक पालवी बघून खूश होतात, मी एकेक पान मोजते.

२५ मार्च

भांडले. नको नको ते बोलले. "छातीत कळ आली तर झाड येणार आहे का धावत? तुम्हाला माझ्यापेक्षा ते झाड प्यारं!" शेगडीवरचं दूध उतू गेलं, तिकडे बाबांचं लक्ष नाही. चपला पायात सरकवल्या आणि निघाले मी, वळूनसुद्धा बघितलं नाही. जिभेला हाड नाही माझ्या.

२६ मार्च

सकाळी वाजली. तुटक, पण वाजली! एवढं बोलले तरी दाबलं त्यांनी. वेड्यासारखी रडले. दुपारी वेल्डरच्या डोक्यावर जाऊन बसले. परवा नक्की देतो म्हणाला, अगदी शपथेवर.

२७ मार्च

आज वाजली नाही. लांब्या म्हणाला, "जाऊन ये की." म्हटलं, पानं आली असणार, आणखी काय! रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने उभी राहू त्यांच्यासमोर? उद्या पाइप घेऊनच जाते. त्यांच्या डब्याला सिग्नल मिळतोय का, हे मोबाइलवर दिसतं. तेही बघितलं नाही. बघायचं काय त्यात?

२८ मार्च

दरीच्या वळणावरूनच बाबांचं घर दिसलं. तिथून ते कधी दिसत नाही, झाड आड येतं. झाडाचा नुसता बुंधा उरलाय. शिडी आडवी. बाबा खाली पाल्यात, हातात करवत. डॉक्टर म्हणाले, परवा दुपारीच गेले असणार — पडून की छातीने, सांगता येत नाही.

छपरावर डब्याचा दिवा हिरवागार. आत जाऊन उशाचं बटण दाबलं. माझ्या खिशात खणखणीत वाजलं.