यंदा कोहळा नको

राजाजीनगर, बंगळूर
१२ सप्टेंबर १९६२
बेळगावची गाडी सकाळी पोचली. नरसिंहराव अण्णा स्वतः स्टेशनवर आले आणि माझी वळकटीही त्यांनीच उचलली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी भंगारातले वॉल्व्ह आणि रिले जमवून घरातच गणकयंत्र बांधलंय, चांगलं कपाटाएवढं. इंग्रजीत त्याला कॉम्प्युटर म्हणतात म्हणे. अडचण एकच, हल्ली ते चालू होत नाही. म्हणून मला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या देवाप्पाला, बोलावणं. आधीचा कारागीर बसवंत न सांगताच गावी निघून गेला. जेवताना पद्मावती अक्कांनी पानावर तूप वाढलं आणि तू आता घरचाच, म्हणाल्या. आईबाप नसलेल्या माणसाला आणखी काय हवं?

२० सप्टेंबर
बटण दाबलं की दिवे मिणमिणतात आणि विझतात. वॉल्व्ह बदलून पाहिले, सांधे पुन्हा झाळले. यंत्र ढिम्म. परसात मीठ-कोळशाने भरलेला अर्थिंगचा, म्हणजे यंत्राची वीज जमिनीत उतरवायचा, खड्डा आहे. अक्का त्यात रोज पाणी ओततात ते ठीकच, पण वर जास्वंदही ठेवतात. मला हसू आलं. ज्याची त्याची श्रद्धा.

२९ सप्टेंबर
सापडला! दोष यंत्रात नाहीच, अर्थिंग कमजोर झालंय. नवा खड्डा हवा म्हटल्यावर अण्णांनी मला मिठीच मारली. पुरुषभर खोल खण, म्हणाले. खंडेनवमीला यंत्र सुरू करायचं. इथे त्या दिवशी प्रत्येक यंत्रापुढे बळी म्हणून कोहळा फोडतात. मी आणतो म्हटलं, तर अक्का म्हणाल्या, "यंदा कोहळा नको, बाळ." चिक्कूपणाच, दुसरं काय.

४ ऑक्टोबर
नवा खड्डा झाला. जुन्यातली तांब्याची पट्टी काढायला म्हणून उकरलं. मिठात चांदीचं कडं लागलं. कड्यावर बसवंतचं नाव. कड्यात हाड.
मूर्खासारखा अण्णांकडेच धावलो. ते दचकले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून यंत्राच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "त्याचा जोर आता स्वल्पच उरलाय. दोष तू बरोबर शोधलास, देवाप्पा."
मग बाहेरून कडी.

५ ऑक्टोबर
केसाने गळा कापला. यांना मी आईबाप मानलं. खड्डा माझ्याच उंचीचा — मीच मापून खणला.
ओरडून घसा बसला. कुणी येत नाही.
बटण बंद आहे. तरी रिले टकटक करतायत. बसवंत, तुलाही तूप वाढलं होतं का रे —

७ ऑक्टोबर, खंडेनवमी
गल्लीत कोहळे फुटतायत. घरोघरी.
परसात मिठाची पोती ओढल्याचा आवाज —
कडी निघाली. अक्का. डोळ्यांत पाणी, हातात कुंकवाचा करंडा. आधी यंत्राला लावलं. आता माझ्याकडे —
कोहळा कुठाय, अक्का? अक्का, कोह