तापातही पाळलेला शब्द

४ मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल सकाळी मावशीचे केस विंचरले. गुंता जरा ओढला गेला, तर गवत उपटायला आलास का, म्हणून ओरडली. दादा-वहिनी हसले. दुपारी ताप चढला आणि तिला पोटच्या दादाचंही नाव आठवेना. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून हा कोण म्हणून विचारलं, तेव्हा मात्र क्षणही न थांबता म्हणाली, माझ्या बहिणीचा मुलगा.

मी मागच्या दारी जाऊन हात जोडून उभा राहिलो. दुसरं काही सुचेना.

आई, मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. याच घरात तिने मला जन्म दिला, तुझ्या ओटीत घातलं आणि कधी सांगणार नाही असा तुला शब्द दिला. तू दुखावशील म्हणून मी गप्प राहिलो. इथे येत राहिलो तो पाहुणा म्हणून. आता डॉक्टर फार आशा देत नाहीत. तिला एकदा आई म्हणू का? तू नको म्हणालीस, तर नाही म्हणणार.

तुझा,
घुम्या

८ मार्च

चि. घुम्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस कुणाशी बोलले नाही. शेजारीण म्हणाली, लेकाचा गुण आईला लागला. इतकी वर्षं तू पोटात ठेवलंस आणि मी इकडे धास्तावलेली, की याला कुणी सांगितलं तर नसेल!

रागावले आहे, पण स्वतःवर. ताईकडून मूल घेतलं, वर तिचं तोंडही बांधलं. ती होती म्हणून निभावलं; मी असते तर चौथ्या दिवशी गावभर केलं असतं.

म्हण तिला आई. शब्दातून तिला मोकळं केलं, म्हणून सांग. फक्त परत आलास की मला हाक मारताना अडखळू नकोस. तेवढं मला सोसणार नाही.

तुझी,
आईच

१३ मार्च

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

काल तिला बरीच शुद्ध होती. दादा-वहिनींना खोलीतच थांबवलं. चोरून म्हणायचं नव्हतं. उशाशी बसून आई म्हटलं. तिने घाबरून दाराकडे पाहिलं आणि पुटपुटली, हळू, तिला कळलं तर वाईट वाटेल.

तुझी परवानगी आहे म्हटलं, तरी पटेना. शेवटी तुझं पत्र वाचून दाखवलं. चौथ्या दिवसाचं ऐकून हसली. धाकटी थापा मारते, तिसऱ्याच दिवशी केलं असतं, म्हणाली. मग डोळे मिटून म्हणाली, आता म्हण.

मी म्हटलं. रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
घुम्या