काशीताईच्या नवसाचा नारळ

मु. तळा, जि. रायगड
वैशाखातली एक दुपार, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात

तीर्थस्वरूप दत्तारामभावोजी यांच्या चरणी सदूचा साष्टांग नमस्कार (तूर्त मनातल्या मनात, कारण सध्या मला वाकता येत नाही). आपल्या गुडघ्याचे टाके सुकले असतील आणि काशीताई आपल्याला अजून वाडीत फिरकू देत नसेल, अशी खात्री आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. म्हणजे उभे असलो तर खुशाल, बसलो तरी खुशाल. फक्त उभ्याचं बसायचं किंवा बसल्याचं उठायचं म्हटलं की देव आठवतो.

फोन सोडून पत्र कसलं लिहितोस, असं आपण म्हणाल. ताईचे फोन रोज येतात हे मला ठाऊक आहे. शुभम प्रत्येक वेळी तिला 'बाबा अंघोळीला गेलेत' असं सांगतो, त्यामुळे गेल्या आठवड्यात माझ्या नावावर जेवढ्या अंघोळी लागल्या तेवढ्या मी उभ्या उन्हाळ्यात केल्या नसतील. पण ताई माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून सगळं ओळखते, आणि काही गोष्टी रीतसर, क्रमाने सांगितल्या तरच नीट समजतात. म्हणून ओळखीच्या एसटी ड्रायव्हरबरोबर फणस पाठवतो आहे, त्याच्या करंडीत हे पत्र आहे. (फणस कापा आहे.)

तर नवसाच्या नारळाविषयी. वादळात तुमची वाडी आडवी झाली तेव्हा ताईने आमच्या डोंगरावरच्या वाघजाईला, म्हणजे तिच्या माहेरच्या देवीला, साकडं घातलं होतं की वाडी पुन्हा उभी राहिली तर नव्या माडाचा पहिला नारळ तुझा, आणि तो तुझ्यासमोर फुटेपर्यंत आमच्या घरात त्या माडांचं कुणी काही तोंडात घालणार नाही. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. डोक्यावर माड लगडलेले असताना तुम्ही श्रीवर्धनच्या बाजारातून आमटीला नारळ विकत आणता, यावरून सगळं दिवेआगर तुम्हाला हसतं, तेही मी ऐकून आहे. आणि नारळ माझ्या हाती देताना ताई आत गेल्याचं बघून तुम्ही हळूच जे बोललात, ते मी विसरलेलो नाही. "सदू, हिरीचा पानी अजून मचूळ लागतो रं. नारळ कसा निघंल, कोन जाने." इतकी वर्षं त्याच विहिरीचं पाणी कळशीने घालून जगवलेले माड, आणि फळ खारट निघालं तर, ही ती धास्ती. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. रात्री मात्र मलाही नीट झोप लागली नाही.

डोंगर चढायला वैशाख ही काही माणसाची वेळ नव्हे, हे मान्य. पण पावसाळा लागला की ती वाट शेवाळून जाते आणि नवस पुढल्या वर्षावर जातो. शिवाय आमच्या सूनबाई प्रांजली सुट्टीला आल्या होत्या. पोरगी खारघरची असली तरी दर रविवारी कुठला ना कुठला गड चढते. तिच्याकडे दुमडायची काठी, मानेवर पदर असलेली टोपी आणि डोंगराचे वेगळे बूट आहेत. तिचं म्हणणं होतं की तांबडं फुटायच्या आत निघायचं आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं. आम्ही तिचं तंतोतंत ऐकलं. फक्त आधी चहा झाला, मग रिकाम्या पोटी चढू नये म्हणून पोहे झाले, मग पोह्यांवर पुन्हा चहा झाला. निघालो तेव्हा शेजारचे लोक न्याहारी करून आडवे व्हायच्या बेतात होते. शुभम खाली गाडीपाशी थांबला. गाडीची राखण करायला हवी, असं त्याचं मत पडलं.

वाटा दोन आहेत. एक डोंगराला वळसा घालून सावलीतून जाते, दुसरी गुरांची वाट, ती सरळ कपाळावर चढते. प्रांजलीने पहिली सुचवली. मी म्हणालो, या दुसऱ्या वाटेने मी लहानपणी पळत जायचो. (हे खरं आहे. पण तेव्हा मागे बैल लागलेला होता, हे सांगायचं राहून गेलं.) नारळ खणात गुंडाळून मी छातीशी धरला होता, कारण ताईची सक्त ताकीद होती की वाटेत तो जमिनीला टेकता कामा नये, आणि उष्ट्या हाताचा विटाळ त्याला होता कामा नये.

आता इथे करवंदांविषयी दोन शब्द लिहिणं भाग आहे. भावोजी, या साली अशी करवंदं धरली आहेत की जाळीत पान दिसत नाही. काळीभोर, टच्च भरलेली. माणूस किती वेळ तोंड फिरवून चालेल? मी नारळ आमच्या मंडळींकडे, म्हणजे नलूकडे, दिला आणि मूठभर खाल्ली. मग हात उष्टे, म्हणून बाटलीतल्या पाण्याने ते स्वच्छ धुतले आणि नारळ परत घेतला. मग नलूने खाल्ली, तिने हात धुतले. पुढच्या जाळीपाशी प्रांजली म्हणाली, मी धरते नारळ, पण तीही आधीच खाऊन बसली होती, म्हणून तिनेही धुतले. प्रत्येक जाळीशी हीच पूजा. आम्ही इतक्या सोवळ्याने चाललो होतो की अर्ध्या चढावर पाण्याच्या सगळ्या बाटल्या रिकाम्या झाल्या आणि प्यायला घोटभरही राहिलं नाही. प्रांजली आयुष्यभर डोंगर चढली, पण हात धुऊन तहानेने मरणारी माणसं तिने प्रथमच पाहिली असावीत. सून गुणी आहे, तिने रिकाम्या बाटल्या मोजून पिशवीत भरल्या.

पुढे उघडा कातळ लागला. विसाव्यासाठी मी त्यावर टेकलो आणि टेकलो त्याहून लवकर उठलो; तव्यावरच्या भाकरीलाही पालटायला उसंत मिळते, मला मिळाली नाही. त्यावर शेवटचा घसाऱ्याचा चढ. पाय ठेवावा तर मुरूम खाली, आणि मुरमाबरोबर आपण. प्रांजली पुढून हात देत होती, नलू मागून ढकलत होती आणि मधे मी दोन्ही हातांनी नारळ धरून वर जात होतो. तिथे माझी चप्पल निसटली. मी पडलो, पण पडताना हात वर ठेवले, त्यामुळे जमिनीला मी टेकलो, नारळ टेकला नाही. (तिथे एक खडक होता. खडकाला जमीन म्हणत नाहीत.) त्यानंतर प्रांजलीला उन्हाने गरगरू लागलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण जरा पाणी मिळालं आणि तिला हुशारी वाटली. थोडं थोडं आम्हीही घेतलं. मग चढून गेलो.

वर पोचल्यावर मात्र सगळ्याचं सोनं झालं. नारळ आईच्या पायाशी ठेवला आहे, हे मी शपथेवर सांगतो. एका फटक्यात फुटला, हेही सांगतो. देवळापुढच्या चाफ्याखाली आम्ही तिघं पसरलो. खाडीकडून असा वारा येत होता की घामाचा कुणाला रागच राहिला नाही. नलूने पदराच्या गाठीतला गूळ काढला. मी पश्चिमेकडे बघत होतो, तुमची वाडी काही तिथून दिसत नाही, पण ती तिकडेच आहे एवढं पुरेसं वाटलं. फार दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. उतरताना वळशाच्या वाटेने आलो. शुभम गाडीत घोरत होता, राखण चोख होती.

असो. आता पाणी निवलं आहे आणि घमेल्यातून पाय काढायला कुणीतरी हात द्यायला हवा, म्हणून थांबतो. ताईला माझा भीत भीत नमस्कार.

आपला मेहुणा,
सदू

ता. क. : त्याच माडाचा आणखी एक नारळ सोललेला, शेंडी ठेवून, याच ड्रायव्हरबरोबर पाठवावा. खास कारण काही नाही. नलूचं म्हणणं, देवीला जोडीने वाहिलेला बरा.

ता. क. दुसरा : नलू म्हणते, मी असलं काही म्हटलेलं नाही, माझ्या नावावर खपवू नका. तेव्हा लिहितो. नारळ त्या खडकावरच फुटला. पाणी गळायला लागलं, ते नलूने पूजेच्या तांब्यात धरलं. पोरगी डोळे पांढरे करत होती. मी नुसता तांब्याकडे बघत राहिलो. नलूच म्हणाली, "आईचाच पानी हाय, आनि ही बी तिचीच लेक हाय. पाजा." आधी प्रांजलीला पाजलं. उरलेलं आम्ही दोघांनी प्यायलं. आईपुढे पोचली ती दोन भकलं, त्यांतलंच खोबरं करंडीत प्रसाद म्हणून आहे. ते खायचं की नाही, हे ताईच ठरवील. नवस अजून फिटलेला नाही. दुसरा नारळ आला की लगेच निघतो, सावलीच्या वाटेने, पोहे न खाता. तोवर करवंदंही संपतील.

ता. क. तिसरा, फक्त भावोजींसाठी (ताई, तू हे वाचते आहेस हे मला माहीत आहे. वाच) : नवस फिटेपर्यंत तुम्हाला चाखता येणार नाही, म्हणून लपवून ठेवत नाही. तांब्यातलं पाणी आम्ही तिघांनी प्यायलं, आणि तिघांचंही एकच मत आहे. खारट नाही, मचूळ नाही. भावोजी, तुमच्या माडाचं पाणी गोड आहे.