मावशीचा मोडलेला पाय

आई, गेल्या महिन्यात गडहिंग्लजची मावशी गेली. तुझ्यामागं अठरा वर्षं जगली, शेवटपर्यंत सगळ्यांवर ओरडत. दिवसकार्य उरकल्यावर मावसबहिणीनं तिची ट्रंक उघडली आणि जुन्या इरकली लुगड्यांखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. दहावीची गुणपत्रिका. तुझ्या नावाची.

मला आधी काही कळेचना. मग मी दहावी झालो त्या वर्षीचा दसरा आठवला. मावशीचा पाय मोडला म्हणून तू पंधरा दिवस तिकडं गेलीस आणि आम्ही बापलेक रोज पिठलं-भात खात बसलो. पुढं एका लग्नात मावशी भेटली, तेव्हा लंगडत आली खरी. पण पंगतीला जाताना डावा पाय आणि परतताना उजवा! बाबा गालातल्या गालात हसत होते. तेही सामील होते म्हणे.

"आमच्या माळ्यावर बसून भूमिती करायची," बहीण सांगत होती. "कुणी हाक मारली की वरनंच खेकसायची. ऑक्टोबरात बाहेरून परीक्षेला बसली."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तू हसलावतास की तिला."

हसलो होतो. मी ओट्याजवळ बसून गणितं सोडवतोय. तू भाकरी थापता थापता पुस्तकात डोकावतेस आणि विचारतेस, "ह्यो क्ष म्हंजे कोण रं?" मी दोन मित्रांना बोलावून तुझी नक्कल करून दाखवतो. तू तवा उतरवतेस. "हसून झालं असंल तर ताटं घ्या," म्हणतेस आणि त्या दोघांनाही वाढतेस.

"पास झाल्यावर तरी सांगायचं," मी म्हणालो.

"निकाल न्यायला आली, पेढे घेऊन निघालीसुद्धा. स्टँडवरनं परत आली. म्हणाली, गणितात मला एकसष्ट, पोराला चोपन्न. राहू दे, त्याला वाईट वाटंल. पेढे आम्हीच संपवले."

आई, मी ट्रंकेशेजारी बसून रडलो, आणि मग त्या पेढ्यांवरून इतका हसलो की शेजारची माणसं दारात येऊन बघायला लागली. गुणपत्रिका आता फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावली आहे. शिरोलीच्या फौंड्रीतल्या माझ्या सोबत्यांना मुद्दाम घरी बोलावून दाखवली. हे पत्र टाकणार कुठं? त्याच फ्रेममागं खोचून ठेवतो.

काल माझ्या लेकीनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला गणितात किती होते?"

आठवत नाही, म्हणालो.