काका, काकू आणि कंट्रोलर

रविवार, ९ नोव्हेंबर

आमची लेक कादंबरी येऊन गेली. दर रविवारी येते. जूनपासून खराडीला राहते. कारण प्रवास. रोज वारज्याहून खराडीच्या ऑफिसात जायचं म्हणजे माणसाचं पीठ. (जायच्या आधी आमची थोडी चर्चा झाली होती. दाराला मी नवं कुलूप बसवलं, कोण किती वाजता आलं-गेलं ते माझ्या मोबाइलवर कळवणारं. त्यावरून. पण मुख्य कारण प्रवासच.)

तिचा फिशटँक मात्र इथेच, हॉलमध्ये. खाऱ्या पाण्याचा. तिच्या घरमालकाला एवढं वजन नको. आत दोन क्लाऊनफिश. मोठी ती काकू, लहान ते काका. काका कायम काकूंच्या मागे. नीरजा म्हणते, निदान टँकमध्ये तरी कोणी बायकोचं ऐकतं.

रविवारी कादंबरी बादलीत मीठ कालवते, जुनं पाणी काढते, नवं घालते. मग स्टुलावर बसून दोघांना हाताने खायला घालते आणि ऑफिसमधलं सगळं त्यांना सांगते. नीरजा भाजी निवडत ऐकते. मी पेपरमागून ऐकतो. आज उठताना पोरीने कमरेवर हात ठेवला. पाहिलं मी.

निर्धार: तिची या हमालीतून सुटका करायची. टोटल ऑटोमेशन. खडकीला फॅक्टरीत आख्खी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. दोन मासे काय अवघड आहेत?

बुधवार, १२ नोव्हेंबर

नुसतं वाचन चालू. बाजारात दोन प्रकार. एक, प्रत्येक कामाला वेगळं खोकं: उडालेल्या पाण्याची भर घालणारं, हीटर सांभाळणारं, खाणं टाकणारं. एक बिघडलं तरी बाकीची चालू. दुसरा प्रकार, एकच कंट्रोलर. सगळ्या वायरी त्याच्यात, सगळे निर्णय त्याचे. मला हा पटला. दहा जणांनी दहा निर्णय घ्यायचे, हे मला घरातही मान्य नाही.

नीरजाला सविस्तर समजावलं. पाणीसुद्धा आपोआप बदललं जाईल, म्हटलं. शांतपणे ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, मग ती येईल कशाला?

मूळ मुद्दाच कळलेला नाही तिला. मुलगी आपल्याला भेटायला येते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

धायरीला विश्वजीतच्या दुकानात. मासे कादंबरीने याच्याचकडून घेतलेत. त्याने पहिला प्रश्न विचारला, काका, टँकसमोर रोज किती वेळ बसता? म्हटलं, बसायला लागू नये म्हणून तर आलोय. तो म्हणाला, हीटरचं स्वतःचंही एक बटण असतं, ते सत्तावीसवर ठेवा. उद्या कंट्रोलर फसला तर हीटर तिथे थांबेल.

एका कामावर दोन इन्स्पेक्टर. याने गोंधळच होतो. घरी येऊन हीटरचं बटण शेवटपर्यंत पिळून ठेवलं. यापुढे हीटरने फक्त कंट्रोलरचं ऐकायचं.

रविवार, १६ नोव्हेंबर

बसवला! पेनाएवढा एक प्रोब पाण्यात सोडायचा. तो तापमान सांगतो, त्यावरून कंट्रोलर हीटर चालू-बंद करतो. प्रत्येक वायरीची गुंडाळी करून वर रबरबँड, दुहेरी वेढा. फॅक्टरीतली शिस्त. नीरजा म्हणाली, दुधाच्या पिशव्यांचे रबरबँड आता मला एकही उरलेले नाहीत.

कादंबरी बघत उभी राहिली. म्हणाली, बाबा, मला पाणी बदलायला आवडतं. विनय आहे पोरीत. तिच्या मोबाइलवरही ॲप टाकून दिलं. सगळं ठीक असलं की हिरवं, बिघडलं की लाल. खराडीत बसून बघ, म्हटलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

कादंबरी आली. काम काहीच नव्हतं. हाताने खायला घालायला गेली, तर मी अडवलं. फीडरने आधीच टाकलेलं, डबल झालं असतं. तिने हात पुसले, स्टूल भिंतीला लावून ठेवलं. चहा घेऊन गेली. किती वेळ वाचला तिचा!

रविवार, ७ डिसेंबर

नाही आली. मेसेज आला: ॲपवर सगळं हिरवं आहे, छान चाललंय. म्हणजे सिस्टिम शंभर टक्के यशस्वी. नीरजाने अळूवड्या केल्या होत्या. तिच्या वाटच्या मी खाल्ल्या. छातीत जळजळ.

रविवार, २१ डिसेंबर

नाही आली. ऑफिसची पिकनिक. नीरजा तिच्याशी फोनवर बोलते, आत, दार लावून. बाहेर हसल्याचं ऐकू येतं. मी विचारलं काय म्हणत होती, तर म्हणे काही नाही, असंच.

स्टूल परत टँकसमोर आणलं. मीच बसतो हल्ली थोडा वेळ. तपासणी म्हणून. माशांना सांगण्यासारखं मात्र काही सुचत नाही.

रविवार, ४ जानेवारी

नाही आली. मी फोन केला. टँकचं सांगितलं: तापमान, खारेपणा, सगळं. ती म्हणाली, हो बाबा, दिसतंय मला. मग फोन ठेवला.

घर रिकामं वाटतं. लिहिलं एकदाचं.

थंडीमुळे असेल.

गुरुवार, ८ जानेवारी

गुरुवार म्हणजे वीज जाणारच, गेली. पंप बंद, दोन्ही मोबाइलवर लाल. मी चष्मा शोधतोय तोवर कादंबरीचा फोन! बाबा, काकू कशी आहे? कपाने पाणी वर-खाली करा, हवा मिसळेल. वीज येईपर्यंत फोन चालू. मी कपाने पाणी ढवळतोय, ती बोलतेय. माझ्या बीपीच्या गोळीचंही विचारलं. नवीन बॉस कसा आहे ते सांगितलं. मला सांगितलं, माशांना नाही.

वीज आली. सगळं हिरवं झालं. म्हणाली, चला, ठेवते.

निरीक्षण: हिरवं असलं की फोन येत नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

खूप विचार केला. योजना अशी. रविवारी प्रोब टँकबाहेर काढायचा आणि गार पाण्यात ठेवायचा. ॲपवर आकडा उतरेल, लाल होईल, कादंबरी येईल. ती फाटकाशी पोचली की प्रोब परत टँकमध्ये. आल्यावर सगळं हिरवं. बाबांनी वेळेवर सांभाळलं. मासे जिथल्या तिथे, त्यांना पत्ताही लागणार नाही. ही फसवणूक नव्हे. फॅक्टरीत अशाला आम्ही मॉक ड्रिल म्हणायचो.

रविवार, १८ जानेवारी

सकाळी ९. नीरजा बहिणीकडे हळदीकुंकवाला गेली, संध्याकाळी येणार. प्रोब काढला. गुंडाळी केली, रबरबँड लावला. हाताला आलेल्या फुलपात्रात पाणी आणि फ्रिजमधले बर्फाचे दोन तुकडे घालून त्यात प्रोब सोडला, आणि फुलपात्र टँकमागे कपाटावर. आकडा एकोणीसवर. लाल!

९.२०. फोन आला. ती मैत्रिणींबरोबर वाईला आहे. हे कोणी सांगितलं नव्हतं मला. म्हणाली, हीटर चालू आहे का? बघितलं. दिवा लागलेला होता. म्हटलं, चालू आहे. म्हणाली, मग एवढं कसं उतरेल? प्रोबच बिघडला असेल, पाण्यात हात घालून बघा.

आता काय सांगणार? म्हटलं, घातला. बर्फासारखं आहे.

म्हणाली, हीटर बंद करू नका, निघालेच मी.

निघालेच मी, असं म्हणाली!

१०. तिला खरवस आवडतो. बाहेर पडतो.

दुपारी १.१५. कोथरूडला संपलेला, शेवटी पेठेत मिळाला. रविवारची गर्दी, पार्किंग नाही, एकाशी भांडण. कादंबरीचा मेसेज: खंबाटकी घाटात ट्रॅफिक जॅम, अजून लालच दाखवतंय, काकूकडे लक्ष द्या. फुलपात्रात नवीन बर्फ टाकला. मासे दोन्ही अगदी वर आलेत, तोंडं पाण्याबाहेर काढतायत. भूक लागली असेल. थोडा पडतो. पुण्यात पोचली की फोन करीलच.

रात्री लिहितोय. चार वाजता ती फोन न करताच आली. बेलने जागा झालो. मी चप्पल शोधत होतो तोवर तिने कुलूप उघडलं आणि थेट टँककडे गेली. पाण्यात हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला. आंघोळीचं पाणी असतं तसं झालं होतं. काकू खाली दगडात आडवी. काका वर, कसेबसे.

हीटरने कंट्रोलरचं ऐकलं. कंट्रोलरने फुलपात्राचं ऐकलं. कोणाचीच चूक नाही. मी सांगितलेलंच प्रत्येकाने केलं.

मी म्हटलं, प्रोब निसटला असेल. ती वायर धरून टँकमागे गेली आणि फुलपात्र घेऊन आली. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते. तिच्या बारशातलं. माझ्या बहिणीने दिलेलं, कादंबरी नाव कोरलेलं. तिने ते नाव वाचलं. मग म्हणाली, प्रोब निसटला, स्वतःला रबरबँड लावून घेतला आणि माझ्या फुलपात्रात जाऊन बसला?

आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, मलाही आवाज चढवता आला असता. एवढंच विचारलं, का बाबा?

उत्तर तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, खरवस आणलाय.

मग ती रडली. काकांना बादलीत घेतलं, विश्वजीतकडे ठेवायला निघाली. बादली उचलायला मी पुढे झालो, तर म्हणाली, राहू दे.

दार लागलं. माझा मोबाइल वाजला. कुलपाने कळवलं होतं: कादंबरी बाहेर गेली.

सोमवार, १९ जानेवारी

नीरजाने काकूला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. मला बोलावलं नाही. जेवताना एकच वाक्य बोलली. म्हणाली, एवढा बर्फ घालत बसलात, त्यापेक्षा फोन करून ये म्हणाला असतात.

तिला सोपं वाटतं ते.

खरवस फ्रिजमध्ये तसाच आहे.

रविवार, २५ जानेवारी

टँक चालू ठेवलाय. प्रोब पाण्यात. हीटरचं बटण सत्तावीसवर आणलं. दाराच्या कुलपाचं कळवणं बंद केलं. कसं बंद करायचं ते शोधण्यात सकाळ गेली.

फीडरने वेळेवर खाणं टाकलं. दाणे पाण्यावर फिरत राहिले. बघत बसलो स्टुलावर.

मग बादली घेतली आणि मीठ कालवलं, हाताने. नीरजाने विचारलं, कोणासाठी? म्हटलं, प्रॅक्टिस. ती भाजी निवडायची परात घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. पाणी उपसताना कमरेत कळ आली. ही वजनं ती दर रविवारी उचलत होती, आणि तरीही येत होती.

ॲप उघडलं. सगळं हिरवं. युजर आधी दोन होते, आता एक. तिने स्वतःला काढून घेतलंय.

मोबाइलवर तिला मेसेज लिहिला: ये. एवढाच. बराच वेळ बघितला आणि खोडला. एका शब्दाचा मेसेज बरा दिसत नाही. मग ॲपमध्ये 'युजर जोडा' असं बटण सापडलं. त्यावरून तिला इन्व्हाइट पाठवलं. हे जास्त व्यवस्थित.

दुपारपासून पेंडिंग दाखवतंय. खराडीत नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार.