लोटी तिच्याकडे आहे

आये, तुला वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी आता काय उपयोग! तरी लिहायला बसले आहे. बाबांनी कोळशाने भिंतीवर गिरवून घेतलेली अक्षरं अजून हातात आहेत, वाकडीतिकडी का होईनात. एक म्हातारी रोज सकाळी लोटीभर ताकासाठी माझ्या दारात येते. आज मी तिला एक साधा प्रश्न विचारला आणि तिने जे उत्तर दिलं त्याने माझं डोकं असं भणाणलं, की घुसळण अर्धी टाकून मी कागद शोधायला उठले. म्हातारी कोण ते सांगते पुढे. तू ओळखतेस तिला.

आधी तांबडीचं सांगू दे. तुला सगळं ठाऊक आहे, पण मला पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय काही सांगताच येत नाही, तुझाच गुण. या बेटावर बों अक्योयजवळच्या त्या उसाच्या मळ्यावर मजुरांच्या खोल्यांची लांब रांग, तिला सगळे कांपच म्हणायचे, आणि त्यातली अगदी टोकाची खोली आपली. मागे उसाच्या पाचटाचं छप्पर आणि खाली तांबडी. बाबांचा मळ्यावरच्या मजुरीचा पहिला करार संपला तेव्हा ते म्हणाले होते, चल, परतीचं जहाज पकडू, आणि तू म्हणालीस, रिकाम्या हाताने गावात तोंड कसं दाखवायचं, आधी एक गाय घेऊ, दोन वर्षं दूध विकू, मग जाऊ. ती दोन वर्षं काही संपली नाहीत. मळ्याची घंटा व्हायच्या आत तू धार काढायचीस. दूध मालकाच्या बंगल्यावर जायचं, उरलेलं विरजायचं. रवीची दोरी एका बाजूला तू ओढतेस, एका बाजूला मी, आणि तू म्हणतेस, "अगो, जीव लाव जरा, ताक घुसळतेस की पाळणा हलवतेस?"

रविवारी सरदाराकडून, म्हणजे मळ्याच्या मुकादमाकडून, बाहेर पडायची चिठ्ठी घेऊन आपण फ्लाकच्या बाजाराला जायचो. चिठ्ठीशिवाय रस्त्यात शिपायाने धरलं तर गेलाच दिवस. डोक्यावर तुपाचं मडकं, कमरेला कोथिंबिरीच्या जुड्या, आणि दुपारच्या भातासाठी ताकाचं गाडगं. बाजारात तू घरातली आये नसायचीस. भवानी होईपर्यंत कुणाशी हसायची नाहीस. चिनी दुकानदार तुपात बोट घालून वास घ्यायला लागला की तू त्याच्या मनगटावर चापट मारायचीस, आणि तो दर आठवड्याला बोट घालायचा आणि दर आठवड्याला चापट खायचा. पळीवरून ओघळणारा तुपाचा शेवटचा थेंब तू मडक्याच्या काठाला निपटून घ्यायचीस, तो कधी गिऱ्हाईकाला गेला नाही. कोथिंबिरीवर कुणी एक मिरची मागितली तर म्हणायचीस, "मिरची काय तुझ्या बापसाने लावलीय?" म्हणूनच लोकांनी तुला भोळी म्हटलं की मला अजून राग येतो. भोळी कुठली! तुझ्यासारखी चिवट बाई त्या बाजारात दुसरी नव्हती.

फक्त ताक. ताकाला तू पैशाचा हात लागू दिला नाहीस. "लोणी घरचं, ताक दारचं," हे तुझं ठरलेलं वाक्य. गावाकडे ताक विकणारीच्या घरची गाय आटते, असं तुला तुझ्या आयेने सांगितलं होतं, आणि समुद्र ओलांडला म्हणून गायीला ते कळत नाही असं थोडंच आहे, असं तू म्हणायचीस. त्यामुळे घुसळण झाली की मागच्या दाराला रांग. कुणी गाडगं आणायची, कुणी नारळाची करवंटी. पलीकडच्या खोलीतली मावशी मात्र कायम भांडं पदराखाली घेऊन यायची. आधी तांबडीची चौकशी करायची, मग तुझ्या हाताला कशी चव आहे ते, मग माझ्या केसांचं कौतुक, आणि मग हळूच पदर सरकवायची. ती गेली की बाबा आतून म्हणायचे, "झालं ताकापुरतं रामायण?" तू त्यांच्यावर डोळे वटारायचीस. आणि मला बजावायचीस, "ताकाला जायचं तर भांडं समोर धरून जावं. मागण्यात लाज नाय, लपवण्यात हाय."

तुला तो गाडीवान आठवतो? मी आठ-नऊ वर्षांची असेन. तू चिनी दुकानदाराशी भांडत होतीस आणि एक उंच क्रेओल, म्हणजे इथलाच, गाडीवान, उसाच्या गाडीवरून उतरून, घामाने निथळत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गाडग्याकडे बोट दाखवलं. मी करवंटीभर ताक दिलं, तो ते घटाघटा प्यायला आणि एक नाणं माझ्या तळहातावर ठेवून निघाला. मी इतकी हरखले! तुला दाखवायला धावले आणि तू ते नाणं बघितलंस मात्र, फाडकन माझ्या पाठीत धपाटा. मग लुगड्याचा काचा आवळून तू सगळ्या बाजारातून त्या गाडीवानामागे पळालीस. त्याला वाटलं, बाईला पैसे कमी पडले. त्याने खिशातून आणखी एक नाणं काढलं. तू "नको, नको" करत दोन्ही त्याच्या हातात कोंबतेस, तो घाबरून तिसरं काढतो, "आसे, मादाम, आसे!" म्हणजे पुरे बाई, पुरे, म्हणतो, आणि माणसं पोट धरून हसतात. शेवटी नाणी त्याच्या बैलाच्या झुलीवर ठेवून तू परत आलीस. धाप लागली होती, पण चेहऱ्यावर असं समाधान की जणू मोठा सौदा जिंकलीस. पाठ माझी रविवारभर दुखत होती.

पुढे सरदार तो हुकूम घेऊन आला. कांपामागे गाय ठेवायची तर जागेचं भाडं, आणि उसाचं वाढं फुकट न्यायचं नाही, त्याचे वेगळे पैसे. दूध तर मालकाच्या बंगल्यावर, ते ठरवतील त्याच दराने जाणार. तू तूप जास्त काढलंस, कोथिंबीर दुप्पट लावलीस, आपण ताकभातातला भात कमी केला. महिन्याच्या शेवटी तरी कमी पडायचंच. तोवर मावशीकडेही एक गाय आली होती आणि ती उघड उघड बाजारात ताक विकायला बसायची, करवंटीमागे पैसे. तिचं भागत होतं. बाबा एक दिवस चुलीपाशी बसून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "इकडे कोण बघायला आहे आपलं? ताक विक, गाय ठेव." तू भाकरी थापत राहिलीस. मी तव्यावरची भाकरी जळताना बघत होते आणि मनात म्हणत होते, हो म्हण गो आये, एकदा हो म्हण. आठ दिवसांनी तू तांबडीचं दावं सोडलंस आणि मावशीच्या हातात दिलंस. दुसरा एक जण जास्त देत होता, पण तू मावशीलाच दिलीस. "आपल्या माणसात राहील," म्हणालीस, "आणि ताक तर मिळेलच." जी बाई थेंबभर तूप सोडत नव्हती, तिने गाय अशी दिली. बाबांनी कपाळावर हात मारला. परतीच्या जहाजाचं नाव त्यानंतर आपल्या घरात कुणी काढलं नाही.

मग ते तापाचं वर्ष. सगळा कांप कण्हत होता. बाबा पावसाळा संपता संपता गेले, आणि तू त्यांच्या दिवसांत उठून कामाला गेलीस आणि शेतातूनच हुडहुडी भरून परत आलीस. काही जिरत नव्हतं. पेज तोंडाला लावली की ओकारी. एका सकाळी ताप जरा उतरला आणि तू डोळे उघडून म्हणालीस, "बाय, घोटभर ताक मिळेल काय गो? पलीकडचीकडे जा. लोटी घेऊन जा. समोर धर." ती पितळेची लोटी, काठाला पोचा आलेली, जहाजावर बाबांच्या हातून पडली होती तेव्हाची. मी ती दोन्ही हातांत समोर धरून गेले, तू सांगितलं होतंस तशी. मावशी घुसळत होती. दावणीला तांबडी उभी. मला बघून मान वळवून हंबरली.

"मावशी, आयेला ताक पायजे."

"पैसे आणलेस?"

मी लोटी तशीच समोर धरून उभी. ती काही वाईट बोलली नाही, आये. आवाजही चढवला नाही. म्हणाली, "बघ बाय, तुझ्या आयेला दिलं तर उद्या सगळा कांप येईल. माझीबी दोन पोरं तापात पडलीत. जागेचं भाडं मी कुठून भरू?" आणि मग तिची नजर लोटीवर गेली. "ही ठेव. ताक घेऊन जा." मी मान हलवली असेल. की नसेल हलवली, मला खरंच आठवत नाही. तिने लोटी माझ्या हातातून घेतली, आत नेऊन ठेवली, आणि मला करवंटीत ताक ओतून दिलं. घट्ट होतं, लोण्याचे कण तरंगत होते. भांडं समोर धरलं म्हणून भांडंच गेलं. तुझी शिकवण चुकीची होती असं नाही म्हणत मी, पण त्या वेळी तुझा फार राग आला, एवढं खरं.

तू ताक प्यायलीस. सगळं. किती दिवसांनी तुझ्या पोटात काही राहिलं. ओठ पुसून म्हणालीस, "तांबडीचं हाय. कळतंय." मग करवंटीकडे बघून विचारलंस, "आणि लोटी?" मी म्हणाले, "लोटी तिच्याकडे आहे." एवढंच म्हणाले मी, एक अक्षर खोटं नाही. आणि तुझा चेहरा उजळला! गावाकडे आदल्या दिवशी भांडं ठेवून घेतात आणि सकाळी भरून देतात, तसं तुला वाटलं. "बघितलंस?" म्हणालीस. "ठेवून घेतलीन म्हणजे उद्या भरून देणार. मी तुझ्या बापसाला सांगत होते, दिलेलं कुठे जात नाय." थकलेल्या आवाजात तू मावशीला आशीर्वाद दिलास, तिच्या दुभत्याला बरकत येऊ दे म्हणून. मी तुझे पाय दाबत खाली मान घालून बसले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून तू दाराकडे बघत होतीस. "आली काय गो लोटी?" विचारलंस. मी म्हणाले, येईल. ऊन ओट्यावर यायच्या आत तू गेलीस.

बरकत आली हो तिच्या दुभत्याला. तुझा आशीर्वाद फुकट गेला नाही. पुढे तिच्या दावणीला चार-चार जनावरं होती, आणि फ्लाकच्या बाजारात सगळ्यात मोठं ताकाचं मडकं तिचं. माझं म्हणशील तर नवऱ्याने रस्त्याकडेला थोडी जमीन घेतली, तो गेला, पोरं क्युरपिपला, शहरात, कामाला गेली ती तिकडचीच झाली, माझ्याशी बोलताना अर्धं क्रेओल, इथली बोली, बोलतात. मी दोन गायी ठेवल्या आहेत आणि मी ताक विकते. हो, विकते. गाय आटली नाही. एका रविवारी तुझी आठवण काढून फुकट वाटून बघितलं होतं, तर लोक करवंटी नाकाशी नेऊन विचारायला लागले, नासलंय का? एकाने तर प्यायच्या आधी मलाच प्यायला लावलं. पुढच्या रविवारी भाव लावला आणि दुपारच्या आत मडकं रिकामं. असा आहे बाजार. तू असतीस तर कुणाकुणामागे धावली असतीस?

आता त्या म्हातारीचं. तीच ती, मावशी. दोन्ही पोरं त्याच तापात गेली तिची, नंतर नवरा, आणि मग जनावरं एकेक करून. दिसतं अर्धवट. रोज सकाळी येते, रिकामेच हात पदराखाली धरून. सवय कशी सुटेल! आधी माझ्या गायींची चौकशी, मग माझ्या हाताची चव, केसांचं मात्र आता म्हणत नाही, पिकले. तिची लोटी म्हणजे काठाला पोचा असलेली तीच. मी ताक भरून देते, पैसे मागत नाही, आणि इतकी वर्षं काही विचारलंही नव्हतं. आज विचारलं. "मावशी, लोटी कुणाची गो ही?" ती चटकन म्हणाली, "माझीच की! माझ्या आयेने दिलेली. गावाकडून आणलेली." लबाडी नव्हती गो तिच्या तोंडावर. तिला तसंच वाटतं. म्हणजे मी एकटी उरले आहे जिला ती तुझी लोटी म्हणून ठाऊक आहे, आणि माझ्यामागे ती तिचीच होणार.

इथेच ओट्यावर बसून ताक प्यायली की ती लोटी माझ्याकडेच ठेवून जाते, उद्या भरून दे म्हणते, तिला उचलून नेणं होत नाही. म्हणजे ती उठून गेली की तुझी लोटी माझ्या खुंटीला असते. ठेवून घेतली तर कोण विचारणार आहे? पण मी सकाळी भरून तिच्या हातात देते. तू गेलीस त्या दिवशी सकाळी जे व्हायला हवं होतं ते रोज एकदा होऊन जातं, एवढ्यासाठीच. काही बदलत नाही त्याने. तू दाराकडे बघतच गेलीस.

कागद संपत आला. पाठवायला कुठे ठाव नाही, तेव्हा उद्या तुपाच्या बरणीच्या तोंडाला बांधीन आणि चिनी दुकानदाराच्या नातवाला देईन, त्याला कुठे मराठी वाचता येतं. आणि माझं फार कौतुक करू नकोस गो आये. लोटी मी रोज भरून देते खरी. पण तिच्या ताकात मी पाणीच जास्त घालते.