इस्त्रीवाल्याच्या गाण्यांवर दुसऱ्याचे नाव

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
चित्रपट संग्रहालय.

विषय: गीतदालनाच्या पाटीवरील खोटे नाव काढून माझ्या यजमानांचे नाव घालण्याबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ: आपले पत्र, जावक क्रमांक ४१७, दि. १४.

महोदय,

१. थोरल्या नातीचे लग्न झाले त्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकले. वय सदुसष्ट. घरी येऊन पहिल्यांदा वाचले ते भिंतीवरचे, यजमानांच्या गाण्यांच्या तबकडीचे वेष्टन. चौकट करून लावलेले ते वेष्टन मी बत्तीस वर्षे रोज पुसत होते, पाहुण्यांना कौतुकाने दाखवत होते. त्यावर ‘गीते’ या शब्दापुढे नाव होते स्टुडिओतल्या लेखनिकाचे.

२. यजमान त्या स्टुडिओच्या कपडेपटात इस्त्री करत. त्यांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. संगीतकार इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन चाल गुणगुणायचे, कोटाची एक बाही होईपर्यंत यजमान ओळ सांगायचे आणि लेखनिक ती उतरवून घ्यायचा. तबकडी देताना त्यानेच बोट ठेवून दाखवले होते, “हे बघा काका, तुमचं नाव.” आम्ही दोघांनी आनंदाने माना डोलावल्या.

३. मी वाचले ते यजमानांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “शब्द तरी बरोबर छापलेत ना?” यजमान तसेच होते. मी तशी नाही.

४. आपल्या गीतदालनात बसवायच्या पाटीवरही त्या लेखनिकाचेच नाव असल्याचे कळले, म्हणून मी अर्ज केला. त्या पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयाने गीतकाराच्या हस्ताक्षरातील प्रत मागितली. दुसऱ्यावर, त्यांना लिहिता येत नसल्याचा दाखला. तो कुठे मिळतो असे विचारल्यावर खिडकीवरचे कारकून हसले, “आजी, ज्याला सही येत नाही त्यानं गाणी केली म्हणता?” होय, केली. उतरवून घेणाराच धनी होत असेल, तर आपली सगळी पत्रे टंकलेखक बाईंच्या सहीने निघायला हवीत.

५. तिसऱ्या अर्जावर सुनावणी लागली. यजमानांना व्हरांड्यातल्या बाकावर चार तास बसवले आणि आत बोलावलेच नाही. वरच्या दालनात त्यांचेच गाणे लावले होते. इस्त्री फिरवावी तसा गुडघ्यावर हात फिरवत ते ऐकत होते. शेजारून आपले तीन अधिकारी गेले. एकानेही विचारले नाही, बाबा, तुम्ही कोण?

६. आता आपण कळवता की, गीतकाराने येत्या सोमवारी स्वतः हजर राहून दिलेल्या चालीवर चार ओळी करून दाखवाव्यात, अन्यथा पाटी आहे तशीच बसेल. लाज कशी वाटली नाही? सत्तावीसच्या सत्तावीस गाणी मला तोंडपाठ आहेत, आणि कोणती ओळ कोणत्या कपड्यावर सुचली तेही. मी सोमवारी दहा वाजता येते. पाटी बसवलेली दिसली तर मी ती उचकटून काढीन, मग पोलिसांना बोलवा. यजमान येणार नाहीत. गीतकार, वय एकोणऐंशी, आपले पत्र निघण्याच्या अकरा दिवस आधी, तीन तारखेला, मंगळवारी सकाळी घरी वारले.

आपली (‘नम्र’ लिहायला हात होत नाही),
गीतकाराची पत्नी
(सही)
दि. १९

सोबत: मृत्यूचा दाखला.